मुक्काम जुना

सांगलीच्या हळद बाजारात नमुने तपासणाऱ्या ऋतुजा मगदूमचा चांगलाच दरारा होता. सौद्याला आलेल्या पोत्यात लोखंडी नळी खुपसून ती नमुना काढायची आणि शेतकरी नि व्यापारी दोघांच्या डोळ्यांदेखत तो सीलबंद करायची. दोघांतला एक जण चहाला गेला असला तरी काम थांबायचं. "मॅडम, आम्ही काय चोर आहोत? मारा की सील," असं कुणी म्हटलं, तर ती नळी बाजूला ठेवून सरळ खुर्चीत बसून राहायची. आता हळदीवर नुसता प्रकाशझोत टाकून तिची सगळी कुंडली सांगणारी यंत्रं आली होती. पण यंत्र फक्त समोर ठेवलेल्या हळदीबद्दल बोलतं. ती कोणाच्या पोत्यातली, हे त्याला कुठून ठाऊक असणार? ते माणसानंच बघायचं, असं ऋतुजाचं म्हणणं. अशी ही काटेकोर बाई स्वतःच्या बाबतीत मात्र साफ फसली.

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत होता तेव्हा तिला अवेळी रक्त दिसलं. ती मिरजेला डॉ. फरहीन मुजावरांकडे गेली. लग्नाआधी याच डॉक्टरांनी तिच्या गर्भाशयमुखावरचा बिघडलेला भाग काढला होता. डॉक्टर भारी बोलक्या. तपासता तपासता महापालिकेच्या पाण्यापासून स्वतःच्या सुनेच्या बिर्याणीपर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायच्या. त्या दिवशी पडद्यावरचं चित्र मोठं करून बघताना त्या अचानक गप्प झाल्या.

"परत आलंय, ऋतुजा."

"काय?"

"तेच. तेव्हा काढलं होतं ते. या वेळी जरा आत, गर्भाशयमुखाच्या नळीत शिरलंय."

"पण माझी संक्रांतीची तपासणीची कुपी स्वच्छ होती! दर वर्षी असते."

"म्हणून तर मी मघापासून गप्प आहे," डॉक्टर म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या कुप्या स्वच्छ, आणि हे एवढं वाढलेलं. मला मेळ लागत नाहीये."

या बिघाडाच्या मुळाशी असतो तो शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, एचपीव्ही, तसा फार दुर्मिळ पाहुणा नव्हे. बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात कधीतरी गाठतो आणि बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हाकलूनही देतं. आला कधी, गेला कधी, पत्ताही लागत नाही. थोड्या जणींच्या बाबतीत मात्र तो जायचं नाव घेत नाही. गर्भाशयमुखाच्या पेशींत चिवटपणे बसून राहतो आणि सावकाश त्या पेशींची चाल बिघडवतो. बिघडलेल्या पेशी म्हणजे कर्करोग नव्हे, त्याच्या अलीकडची पायरी. तेवढा भाग काढला की बहुतेकींचं भागतं. पण भाग काढला म्हणजे विषाणू गेलाच, असं नसतं. शेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या पेशींत तो उरला असेल तर पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षं तपासत राहायचं. वेळेवर कळलं तर छोटं काम, नाही कळलं तर मोठं.

आणि हे तपासणं घरोघर पोचवणारी बाई होती खुद्द ऋतुजाची आई. उज्ज्वला आवटी, निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी मिरज त्यांना आवटीबाई म्हणायची. नवरा गेल्यावर त्यांना हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली, तेव्हा त्यांनी रडत बसायच्या ऐवजी स्वतःच हळदीकुंकू घातलं, आणि विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, लग्न न झालेल्या अशा झाडून सगळ्या बायकांना बोलावलं. पुढे स्वतः नमुना घ्यायच्या कुप्या निघाल्या. दवाखान्यात जायला लाजणाऱ्या बायकांपर्यंत त्या पोचवायच्या कशा, यावर मोठमोठ्या सभा झाल्या. आवटीबाईंनी कुपी सरळ संक्रांतीचं वाण म्हणून लुटली. वाण नको म्हणायची आपल्यात पद्धत नाही. संक्रांतीला कुपी घ्यायची, घरी न्हाणीघरात भरायची आणि रथसप्तमीपर्यंत आणून द्यायची, असा शिरस्ता पडला. कुपीवर नावापलीकडे काही लिहायचं नाही, नमुना त्याच बाईचा आहे का याची जनुकीय पडताळणी करायची नाही, हा नियमही त्यांनीच भांडून करून घेतला. नाहीतर बायका पुढे आल्याच नसत्या. ऋतुजा दर संक्रांतीला माहेरी यायची, तिथंच कुपी भरून आईच्या हातात द्यायची आणि तिळगूळ खात बसायची.

सांगलीच्या घरी तिनं निशांतला सगळं सांगितलं. निशांत तिचा नवरा. शीतगृहांची यंत्रणा बसवायच्या कामामुळे महिन्यातले बरेच दिवस बेळगाव-हुबळीकडे असायचा. त्यानं आधी तिचा हात धरला. मग थोड्या वेळानं तो सोडला.

"गेल्या संक्रांतीला स्वच्छ होतं ना?" तो म्हणाला.

"होतं."

"म्हणजे हे यंदाचं आहे."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"मी काही म्हणत नाहीये. तूच हिशोब कर की."

ऋतुजानं हिशोब केला. स्वतःचं तिला ठाऊक होतं. कॉलेजात असतानाची एक मैत्री सोडली तर तिच्या आयुष्यात निशांतशिवाय कोणी नव्हतं, आणि ती मैत्री तिनं लग्नाआधीच निशांतला सांगून टाकली होती. मग हा नवा विषाणू आला कुठून? बेळगावहून? हुबळीहून? तिनं ते विचारलंच. निशांत ताडकन उठला. "तुला लाज नाही वाटत? आजारी तू आणि झडती माझी?" असं म्हणून त्यानं उशी उचलली नि बाहेरच्या खोलीत गेला. त्यानंतर एका घरात राहून दोघं भाडेकरूंसारखे वागायला लागले. भाजी काय करायची, गॅस बुक केला का, एवढंच बोलणं.

शेवटी निशांतच म्हणाला, "मुक्काम करून घे. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

मुक्काम चाचणी निघून तेव्हा काही वर्षं झाली होती. तिच्यामागचं शास्त्र सरळ होतं. विषाणू शरीरात शिरला की आपल्या पेशी त्याला मोडायला बघतात आणि त्या झटापटीत त्याच्या जनुकीय मजकुरावर ओरखडे उठतात. विषाणू जितका जास्त राहील तितके ओरखडे साठत जातात, आणि प्रत्येक शरीराची ओरखडे काढायची ढब निराळी असते. भाडेकरू खोलीत किती वर्षं राहिला हे भिंतीतले खिळे बघून घरमालकाला कळावं, तसा हा प्रकार. यंत्र ते ओरखडे मोजून सांगायचं : मुक्काम जुना की नवा. डॉक्टरांना ते फार उपयोगाचं होतं, कारण जुना मुक्कामच धोक्याचा असतो. पण लोकांनी त्याचा भलताच उपयोग सुरू केला. लग्न जुळवताना पत्रिकेबरोबर मुक्काम मागायचा, भांडण झालं की मुक्काम मागायचा. "मुक्काम नवा" एवढ्या दोन शब्दांवर घरं मोडली. आवटीबाई याविरुद्ध गावभर बोलत फिरल्या होत्या. "विषाणूला चारित्र्य नसतं" हे त्यांचं वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं होतं.

त्यामुळे ऋतुजानं फोनवर मुक्कामचा विषय काढला तेव्हा आई उसळली यात तिला नवल वाटलं नाही.

"अजिबात करायची नाहीस! तो संशय घेतोय म्हणून तू परीक्षा द्यायचीस होय गं? सांग त्याला, माझी आई नको म्हणाली."

"आई, डॉक्टरसुद्धा म्हणतायत."

"डॉक्टर काय, सांगायचं म्हणून सांगतात. उपचार कर आधी. कोरून काढ ते. मुक्कामाचं खूळ नको."

आई आपल्या बाजूनं उभी आहे या विचारानं ऋतुजाचे डोळे भरून आले. एवढ्या सगळ्यात तेवढं एक माणूस तिचं होतं.

तरी तिनं चाचणी केली. डॉ. मुजावरांनी गर्भाशयमुखाचा आणखी एक भाग शंकूसारखा कोरून काढला, आणि त्यातलाच तुकडा मुक्कामसाठी पाठवला. निकालाला दोघंही गेले. निशांत खुर्चीच्या टोकावर बसला होता.

"मुक्काम जुना," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या लग्नाच्याही आधीचा. पहिल्या वेळी होता तोच विषाणू, त्याच शरीरात, मधे एक दिवससुद्धा बाहेर गेलेला नाही."

निशांतनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. "मला माफ कर," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ऋतुजानं त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण आतून तिला काहीच वाटलं नाही. माफी मागितल्यानं ते उशीचे दिवस परत थोडेच येणार होते? आणि तिचं लक्ष डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे होतं. डॉक्टरांनी अजून अहवाल मिटला नव्हता.

"निशांतराव, जरा बाहेर बसता?" त्या म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, कापलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ आल्या नाहीत. एका ठिकाणी पेशी खोल उतरायला लागल्यात. आता पुन्हा कापायला तिथं काही उरलेलं नाही. गर्भाशय काढावं लागेल."

ऋतुजा ऐकत राहिली. त्या गर्भाशयात दोनदा जीव धरला होता आणि दोनदा निसटला होता. उन्हाळ्यात पुन्हा प्रयत्न करायचं ठरलं होतं. निशांतच्या कपाटात त्यानं कुठूनसं आणलेलं एक लाकडी बदक होतं, तिला दिसू नये म्हणून शर्टांमागे ठेवलेलं. तिला ते कधीच दिसलं होतं.

"आधी कळलं असतं तर?" तिनं विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी जरी कळलं असतं तरी छोट्या कामात भागलं असतं. खोटं कशाला बोलू?" डॉक्टरांनी तिचा हात घट्ट धरला. "आणि आता दुसरी गोष्ट. विषाणू सतत मुक्कामाला होता, तर तुझ्या कुप्या स्वच्छ कशा? मी तुझ्या संमतीनं प्रयोगशाळेतल्या जुन्या कुप्या बाहेर काढायला लावल्या. त्यातल्या पेशी तुझ्या नाहीत, ऋतुजा. सगळ्या कुप्या एकाच बाईच्या आहेत, पण ती बाई तू नव्हेस."

"अदलाबदल झाली असेल. प्रयोगशाळेत."

"एखाद्या वर्षी झाली असती. दर वर्षी, आणि त्याच बाईशी?" डॉक्टर थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्या बाईचं आणि तुझं निम्मं जुळतं. सख्खी बहीण आहे तुला?"

"नाही. मी एकटीच."

"मुलगी..." डॉक्टरांनी विचारता विचारताच जीभ चावली.

"नाही," ऋतुजा म्हणाली.

मग उरत होती एकच बाई. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते तिला आजवर नुसतं म्हणायचं वाटत होतं. आता तिनं खुर्चीचा हात धरून ठेवला. बाजारात ती अनोळखी माणसांच्या पोत्यांना सील मारत होती. स्वतःची कुपी मात्र आईच्या हातात दिली होती, आणि आईच्या हाताला कोण सील मारतं?

भोगीच्या दिवशी दुपारी ती मिरजेला माहेरी गेली. आवटीबाईंच्या सोप्यावर दहा-बारा बायका वाणाच्या पुरचुंड्या बांधत बसल्या होत्या. खणाच्या तुकड्यात एक कुपी, एक तिळाची वडी, वरून दोऱ्याची गाठ. ऋतुजाला बघून सगळ्या आनंदल्या. "आली बघा लेक! ये गं, बस. आवटीबाई, तुमची लेक वाळली की हो!" ऋतुजा बसली. तिनंही दोन-चार पुरचुंड्या बांधल्या. गाठ काही केल्या बसत नव्हती. भोगीची भाजी आणि बाजरीच्या भाकऱ्या करायच्या म्हणून बायका एकेक करून उठल्या. शेवटची बाई फाटक लावून गेली तेव्हा ऋतुजा म्हणाली,

"माझ्या नावानं कोणाची कुपी जात होती, आई?"

आवटीबाईंनी हातातली गाठ पुरी केली. पुरचुंडी तबकात ठेवली. मग मान वर न करता म्हणाल्या, "मुक्काम केलास शेवटी."

एवढंच. कुठली कुपी, काय म्हणतीयस, असं काही नाही. रस्ताभर ऋतुजा मनात एकच म्हणत आली होती, की आईनं नाही म्हणावं, चिडावं, आपल्याला एक ठेवून द्यावी. ती आशा तिथंच संपली.

"का?" तिनं विचारलं.

"तुझं लग्न ठरलं होतं. ऑपरेशनची गोष्ट तुझ्या सासूला कळली होती आणि ती अडून बसली होती. पहिली कुपी स्वच्छ आली तरच पुढची बोलणी, म्हणाली होती. आठवतंय ना?"

"आठवतंय."

"तू कुपी भरून दिलीस. थोड्या वेळानं तिच्या तळाची पट्टी जांभळी झाली, विषाणू असला की होते तशी. तू स्वयंपाकघरात हसत होतीस, निशांतचा फोन चालला होता." आवटीबाईंचा शाळेतला खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "मी माझी कुपी भरली आणि तुझं नाव चिकटवलं. म्हटलं, एकदाच. दहातल्या नऊ जणींचा जातो आपोआप. मीच शिकवते की ते सगळ्यांना. पुढच्या वर्षी तुझा जाईल, मग तुझीच कुपी पाठवू."

"आणि नाही गेला."

"नाही गेला."

"माझी कुपी फेकून देत होतीस?"

"फेकेन कशी?" आवटीबाई पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाल्या. "माझ्या नावानं पाठवत होते. तुझ्यावर लक्ष राहावं म्हणून. दर वर्षी बघत होते मी. विषाणू आहे पण पेशी चांगल्या आहेत, असं यायचं. मला वाटायचं, चाललंय ते ठीक चाललंय."

ऋतुजाला ते समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे पेशी बिघडल्या तेव्हाही तुला कळलं."

आवटीबाईंनी नवी पुरचुंडी बांधायला घेतली.

"आई, मी विचारतेय."

"दोन वर्षांपूर्वी बोलावणं आलं मला. ताबडतोब तपासून घ्या म्हणून. गेले मी. त्यांनी मला तपासलं, माझ्यात काय निघणार? डॉक्टर म्हणाले, उतारवयात कधी कधी दिसत नाही, लक्ष ठेवू. परत आले."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुझं तेव्हा दुसऱ्यांदा पडलं होतं गं. तू जेवत नव्हतीस, झोपत नव्हतीस. म्हटलं, जरा सावरू दे. मग म्हटलं, दिवाळी होऊ दे." त्या थांबल्या. तबकातल्या पुरचुंड्यांवरून त्यांनी उगीच हात फिरवला. "आणि मला भीती वाटली. तुझी नाही, या बायकांची. आवटीबाईच कुपी बदलतात म्हटल्यावर उद्या कोण देईल मला कुपी? एवढ्या वर्षांचं काम माझं."

"मला वाटलं होतं तू माझा संसार वाचवलास असं तरी म्हणशील," ऋतुजा म्हणाली. "तू स्वतःचं नाव वाचवलंस. आणि मी मुक्काम करू नये म्हणून त्या दिवशी फोनवर केवढी तावातावानं बोललीस! मी रडले गं तेव्हा. वाटलं, आई आहे माझ्या बाजूची."

"ऋतू..."

"माझं गर्भाशय काढायचंय. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी."

आवटीबाईंनी तोंडाला पदर लावला. त्या रडतायत हे बघूनही ऋतुजा जागची हलली नाही. लहानपणापासून आईच्या डोळ्यांत पाणी आलं की तिचा जीव कळवळायचा. आज तिला आईचं रडणंसुद्धा खरं वाटेना, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. माणसाचं सगळं मागचं आयुष्यच संशयात टाकून ठेवलं होतं या बाईनं.

"रथसप्तमीला तू हे सांगायचंस," ती उठत म्हणाली. "कुप्या गोळा करताना, सगळ्यांसमोर. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"बायका बंद करतील गं तपासणं! कितीजणी वाचल्यात याच्यानं."

"आणि तुझ्यासारखी आई किंवा सासू ज्यांच्या घरात आहे, त्यांचं काय? त्या पण तिळगूळ खात बसल्यात, माझ्यासारख्या."

निशांतला तिनं त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याला पहिल्यांदा संतापच आला, आवटीबाईंचा. ऋतुजानं त्याला अर्ध्यातच थांबवलं. "तुझ्या आईची अट तुला ठाऊक होती आणि तू मूग गिळून गप्प बसलास. तेव्हा बोलला असतास तर माझ्या आईला हे सुचलंच नसतं." तो खाली मान घालून बसला. नंतर त्यानं कपाटातून शर्टांमागचं बदक काढलं आणि काय करावं न कळून हातात धरून उभा राहिला. "राहू दे तिथंच," ऋतुजा म्हणाली.

रथसप्तमीला शाळेचं सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर मोठं तबक, त्यात बायकांनी आणून ठेवलेल्या कुप्या. ऋतुजा मागच्या रांगेत बसली. आवटीबाई माईकसमोर आल्या तेव्हा नेहमीसारख्या टाळ्या झाल्या. त्यांनी हात वर करून त्या थांबवल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. काही वगळलं नाही, काही सजवलं नाही. पहिली जांभळी पट्टी, स्वतःची कुपी, दोन वर्षांपूर्वीचं बोलावणं. "माझ्या लेकीची पिशवी उद्या काढणार आहेत. ती माझ्यामुळं. विषाणूमुळं नव्हे," असं म्हणून त्या थांबल्या आणि माईक तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

सभागृहात कुजबुज उठली. पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "शी! आवटीबाई, तुम्ही सुद्धा?" आणि पर्स उचलून निघाली. तिच्यामागून आणखी काहीजणी गेल्या. आवटीबाईंची भीती खरी होते की काय, असं ऋतुजालाही वाटलं. तेवढ्यात निळ्या साडीतली एक साठीची बाई उठली. ती दाराकडे गेली नाही. ती व्यासपीठावर चढली, तबकातल्या कुप्या चष्म्याजवळ धरून त्यांवरची नावं वाचत राहिली, एक कुपी शोधून काढली आणि कोणाकडे न बघता पदराआड घेऊन खाली उतरली. मग उजवीकडच्या रांगेतली एक उठली. मग दोघी एकदम. त्यातल्या एकीच्या मागोमाग तिची सून धावली, "आई, ती माझी कुपी आहे ना? कुठं नेताय?" सासूनं मान फिरवली. सुनेनं तिच्या हातातली कुपी बघितली, मग तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि ती मटकन खुर्चीत बसली.

ऋतुजाला तिच्याकडे बघवेना. आपलंही तोंड डॉक्टरांच्या खोलीत असंच दिसलं असणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. मुजावरांच्या दवाखान्यात तिला हिरवा झगा घालून ढकलगाडीवर निजवलं होतं. शस्त्रक्रियागृहात आता माणसापेक्षा यंत्रांचेच हात जास्त होते, पण दाराबाहेरची पद्धत काही बदलली नव्हती. काढलेला अवयव बरणीत घालून समोरच्या इमारतीतल्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम अजून नातेवाइकांचंच होतं. बाकावर निशांत बसला होता. त्याच्यापासून दोन हात सोडून आवटीबाई बसल्या होत्या. त्या पहाटेच आल्या होत्या आणि कोणी त्यांना या म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं.

एक तरुण नर्स रिकामी बरणी घेऊन बाहेर आली. "पेशंटबरोबर कोण आहे? नमुना न्यायला लागेल नंतर."

"मी आहे. मी आई तिची," आवटीबाई चटकन उठल्या. त्यांनी बरणीसाठी दोन्ही हात पुढे केले.

"तिच्या हातात देऊ नका," ऋतुजा म्हणाली.

नर्स गोंधळली. तिनं निशांतकडे बघितलं. निशांत अर्धवट उठला, मग ऋतुजाच्या डोळ्यांकडे बघून पुन्हा बसला. ऋतुजानं कोपरावर रेटून मान वर केली. आयुष्यभर तिनं प्रत्येक नमुन्याला डोळ्यांसमोर सील मारलं होतं. आता काही मिनिटांत तिला गुंगी देणार होते आणि जे सील व्हायचं ते तिला दिसणार नव्हतं. कोणावर तरी सोपवायला हवंच होतं.

"तुमचं नाव काय?" तिनं नर्सला विचारलं.

"प्रणाली."

"कुठल्या तुम्ही?"

"मी आटपाडीची. परवाच लागलेय इथं."

"म्हणजे आमच्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं नाही. बरं झालं," ऋतुजा म्हणाली. "प्रणाली, बरणीवर माझं नाव आत्ता इथं चिकटवा, माझ्यासमोर. आणि ती तुम्ही स्वतः न्या."

प्रणालीनं नाव चिकटवलं, ऋतुजानं ते दोनदा वाचलं आणि मान टेकली. ढकलगाडी आत निघाली. आवटीबाई हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या.